हटकर, धनगर, मेंढपाळ

लोणी भापकरच्या गोजरबाईचा नवरा जोतीराम वारला, तेव्हापासून ऐंशी मेंढरं तीच राखत होती. १९५३ साली चराईचा परवाना आपल्या नावावर करून घ्यायला ती घरातले तीन कागद घेऊन बारामतीच्या एका कचेरीत गेली.

मोहनराव कारकुनांनी कागद वाचले. सासऱ्याच्या कागदावर होतं, ‘हटकर, परमुलखातला.’ जोतीरामच्या जुन्या परवान्यावर, ‘धनगर, फलटण संस्थान.’ संस्थान विलीन झाल्यावरच्या परवान्यावर, ‘मेंढपाळ, मुंबई राज्य.’

“बाई, ही तीन निराळी घरं दिसतात. पहिले दोन कागद खोटे, असं लिहून अंगठा द्या.”

“खोटं कुणी लिवलं? तुमच्यासारख्यानंच ना? हटकर बी धनगरच. आमची मेंढरं तवाबी फलटणाकडनं नीरा वलांडून हितंच चरायची. अंगठा मिळायचा न्हाय.”

परवाना नाही म्हणून कुरण बंद झालं. बांधावरच्या पाल्यावर मेंढरं खंगायला लागली. धाकटा दीर सोनबा काकुळतीला आला, “वयनी, द्या की अंगठा. कागदच त्यो.”

“आज मामंजी खोटं ठरलं, तर उद्या मलाच इचारत्याल, तू कोन म्हनून.”

तिनं शाळेतल्या दत्तोबा मास्तरांकडून तिन्ही कागद शब्दन् शब्द वाचून घेतले. कळपाची खूण तिन्हींत एकच निघाली: उजव्या कानाला दोन चिरा.

दुसऱ्या दिवशी सोनबाला घेऊन तिनं कळप बारामतीच्या वाटेला लावला. वाटेत एक मुक्काम करून ऐंशी मेंढरं कचेरीच्या आवारात शिरली, तेव्हा मोठ्या साहेबांसकट आतले सगळे बाहेर आले.

“सायेब,” गोजरबाई म्हणाली, “मानसाचं नाव तुमी दर राजवटीत बदलता. ह्यांचं कान बगा आन् कागद बगा.”

साहेबांनी स्वतः पाच-सहा मेंढरांचे कान पाहिले. मग म्हणाले, “मोहनराव, लिहा. तिन्ही कागद एकाच घरचे.”

“आणि ही कुठली लिहू?”

“लोणीची धनगर,” साहेबांच्या आधी तीच बोलली. “परमुलखातली लिवाल तर हितनं हलायची न्हाय.”

लिहिलेलं साहेबांकडून दोनदा वाचून घेतल्यावरच तिनं अंगठा उठवला. जुने कागद दप्तरी जमा करा, असं मोहनराव म्हणाले. तिनं ते सरळ पदरात बांधले आणि कळपाला हाळी दिली. दुसऱ्या दिवशी लोणीला पोचल्यावर पंधरवड्यात पहिल्यांदा मेंढरं कुरणात चरली.