वकिलांकडचं मत

म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीत मी पडले ती माझ्याच आळीतल्या बायकांच्या मतांनी. त्यांनी मतं दिली नसती तर कदाचित थोडक्यात वाचले असते.

बायकांना निवडणुकीला उभं राहता येतं, हे रत्नागिरीत नुकतंच कळलं होतं. आमचे हे कोर्टात वकील. त्यामुळे मी अख्ख्या आळीची वकिलीणबाई. (माझं नाव सरस्वती. लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलं गेलं, त्यानंतर कोणाच्या तोंडी आलं नाही.) पण मी उभी राहिले ती हौसेने नव्हे. शेजारच्या गोदाकाकूंची सून यमू बाळंतपणात गेली. डॉक्टर ओसरीवर येऊन बसले होते, पण पुरुष डॉक्टरला आत कसं घ्यायचं, यावर घरात बोलणं चाललेलं असतानाच ती गेली. म्युनिसिपालिटीने एक शिकलेली सुईण ठेवावी, एवढंच मला तिथे जाऊन सांगायचं होतं.

समोर उभे होते बापू वकील. माणूस सज्जन, पण सुईण म्हटल्यावर म्हणाले, "वहिनी, आधी रस्ते."

मी हळदीकुंकवाला घरोघर फिरले. ज्यांच्या नावावर घरपट्टी, त्यांनाच मत. म्हणजे बायकांत बहुतेक विधवाच. त्यांना कुंकू लावता येत नाही म्हणून मी त्यांच्याकडे मागच्या दाराने जाऊन बसायची. हे म्हणाले, "प्रत्येकीला स्वतःचं नाव नीट सांग. लिहिता येत नसेल तिला तिथला अधिकारी नाव विचारतो आणि स्वतः खूण करतो."

"अहो, मला ओळखत नाही अशी एक तरी आहे का?" मी म्हटलं. स्वतःचं नाव आपल्याच तोंडाने सांगत फिरायचं, आणि त्याच्यामागे ह्यांचं, मला काही ते जमण्यासारखं नव्हतं. मी आपली "आमच्याकडे लक्ष असू द्या" एवढंच म्हणत गेले.

मतदानाच्या दिवशी उमेदवार कुठे होता? स्वयंपाकघरात. मत देऊन बायका आपल्याकडे येणार, तर पोहे नकोत का, असं सासूबाई म्हणाल्या आणि मला ते पटलंसुद्धा. मतदान होतं त्या शाळेबाहेर हे आंब्याखाली उभे राहिले. आपण आत गेलो तर बायका लाजतील, ही त्यांची समजूत. आत बसलेले अधिकारी साताऱ्याकडून नवे आलेले. त्यांना आमची आळी ठाऊक नव्हती, त्यातल्या बायका तर नव्हत्याच.

दुपारी पहिल्या आल्या गोदाकाकू. पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणाल्या, "दिलं गो मत. साहेब विचारतो, कोणाला? आता तुझं नाव कसं घेऊ? माझ्या सासूबाईंचं तेच नाव. म्हटलं, वकिलांकडचं लिहा."

माझ्या हातातला झारा थांबला. "मग?"

"मग काय! वकिलांचं, नक्की ना, असं दोनदा विचारलंन त्याने. मी म्हटलं, नक्की हो. आमच्या आळीतल्या सगळ्या त्यांनाच देणार."

"सगळ्यांना सांगितलंत तुम्ही?"

"तर काय. रांगेतल्या एकेकीला सांगितलं. नावं घेत बसू नका, नुसतं वकिलांकडचं म्हणा, साहेबाला सगळं कळतं."

साहेबाला खरोखरच कळलं होतं. त्याच्यापुढच्या दोन नावांत वकील एकच होता.

मी ह्यांच्याकडे निरोप धाडला. हे धावत आत गेले आणि सांगू लागले, "बायका वकील म्हणतात ते मला." साहेब शांतपणे म्हणाले, "आपण उमेदवार आहात का?" हे म्हणाले, "नाही." साहेब म्हणाले, "मग बाहेर उभे राहा." तोवर रांग संपत आली होती आणि संपलेल्या रांगेतल्या बायका एकामागून एक आमच्या ओसरीवर येऊन पोहे खात होत्या. झाडगावातून चालत आलेल्या चंद्राबाईंनी दुसऱ्यांदा पोहे घेतले आणि म्हणाल्या, "वकिलीणबाय, आमी काम फत्ते केलाव."

बापू वकील निवडून आले. पेढे घेऊन आमच्याकडेही आले. "वहिनी, बायकांचा माझ्यावर एवढा विश्वास असेल असं वाटलं नव्हतं," म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. अशा माणसाला काय सांगणार?

गोदाकाकूंना मी कधीच सांगितलं नाही. ती माउली यमूचा फोटो पुसताना म्हणायची, "तुझ्यासाठी एवढं तरी केलं गो." पुढे रस्ते झाले. सुईण मात्र आली नाही. मधल्या काळात आळीतल्या आणखी दोघी यमूच्या वाटेने गेल्या. दोघींच्या दारात मी उभी होते. करण्यासारखं हातात काहीच नव्हतं.

आळीतल्या बायकांची समजूत मात्र पक्की, की त्यांनी मत दिलं आणि वकिलीणबाई निवडून आल्या. मग मला रस्त्यात अडवून विचारणं सुरू झालं. दिवा का लागत नाही, गटार का उपसत नाहीत, आणि सुईणीचं काय झालं? पहिल्यांदा मी समजावून पाहिलं. तेव्हा चंद्राबाई म्हणाल्या, "निवडून येईस्तवर पोहे, आता हात वर." त्यानंतर मी समजावणं सोडलं. "बघते हो," म्हणू लागले.

बापू वकील तीन वर्षांनी म्युनिसिपालिटीतून उतरले. मी मात्र अजून उतरले नाही. रत्नागिरीत काहीही न करणारी सभासद म्हणून आजही माझंच नाव घेतात, आणि आता मात्र ते अगदी पूर्ण, सरस्वतीबाई म्हणून घेतात.