शाळेतून आलेली पहिली तक्रार

माझ्या लेकीचं हृदय बदललं तेव्हा ती सात वर्षांची होती. ऑपरेशन भारतात झालं आणि वर्षभराने आम्ही ओमानमधल्या वादी अदाईच्या घरी परतलो. नवं हृदय झकास चालत होतं, पण अंगात रक्त कमी. हिमोग्लोबिन नऊच्या वर जाईना. मधल्या सुट्टीत मुली पकडापकडी खेळायच्या आणि ही भिंतीला टेकून त्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची.

"दमतेस का गं?"

"नाही आई, मी जस्ट बसते."

मी हट्टालाच पेटले. नाचणी, बीट, खजूर, अळिवाचे लाडू. ती मुकाट खायची आणि दर तपासणीत आकडा तिथल्या तिथे. शेवटी डॉक्टरीणबाईंसमोर मला रडू फुटलं. "माझंच काहीतरी कमी पडतंय."

"तुमचं काही कमी पडत नाहीये," त्या म्हणाल्या. "शरीराने हृदय नाकारू नये म्हणून ती जी औषधं घेते, त्यांच्यामुळे रक्त कमी बनतंय. किडनीही जरा मंदावली आहे. एक औषध बदलू आणि दर आठवड्याला इंजेक्शन देऊ."

इंजेक्शन द्यायला तिचे बाबा शिकले. पहिल्यांदा सुई हातात घेऊन तेच मागे सरकले.

"बाबा, डोळे बंद कर, मग भीती नाही वाटत," लेकीने धीर दिला.

"डोळे मिटून टोचू कसं गं?"

तिघंही हसत सुटलो.

काही महिन्यांनी मी ऑफिसात असताना शाळेतून फोन आला. "काय झालं? पडली का?"

"पडली नाही, दुसरीला पाडलं," बाई वैतागून म्हणाल्या. "लागलं नाही कुणाला. पण कितीदा सांगितलं तरी कॉरिडॉरमधून धावते!"

"धावते?"

"हो. जोरात."

"किती जोरात?"

"जोरात म्हणजे जोरात! आज शिक्षा केलीय तिला," बाई म्हणाल्या.

मी नवऱ्याला फोन केला. तो सीबला कामावर होता. संध्याकाळी तिथल्या सूक बाजारातून केशराचा ओमानी हलवा घेऊन आला. मी शेजारच्या ओमानी खालाला वाटी दिली.

"परीक्षेत पहिली आली?" तिने विचारलं.

"नाही, शाळेत शिक्षा झाली."

सगळं ऐकल्यावर खाला आमच्या घरात आली आणि लेकीच्या दोन्ही गालांचे पापे घेत तिने अभिनंदन केलं. "मबरूक, मबरूक!"

इंजेक्शनं आजही चालू आहेत, आकडाही अजून पुरता भरलेला नाही. पण त्या संध्याकाळी लेक आमच्यावर भयंकर चिडली होती.

"पनिशमेंटची पार्टी कोण करतं?" असं म्हणत तिने दुसऱ्यांदा हलवा वाढून घेतला.