गाठी मारणारे भावोजी

परळपासून लालबागपर्यंत माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका निःपक्षपाती माणूस झालेला नाही, आणि त्यांच्याइतका लोकांना नकोसा झालेलाही दुसरा नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. भावोजी मिलच्या फोल्डिंग खात्यात होते. तयार कापड टेबलावरून सरकायचं आणि यांनी त्यातले डाग, तुटके धागे शोधायचे. आयुष्यभर तेच केलं. मिल बंद पडली, पण ते त्यांच्या डोळ्यांना कोणी सांगितलं नाही. नातवंडांत आंबा वाटायचा तर फूटपट्टी घेऊन बसायचे. मापं होईपर्यंत पोरं रडून झोपून जायची. लग्नाला गेले की कोणाच्या पानात जिलेबी कमी पडली ते यजमानाला सांगून यायचे. चाळीच्या रांगोळी स्पर्धेत त्यांना परीक्षक केलं तेव्हा माझ्या बहिणीला, म्हणजे स्वतःच्या बायकोला, तिसरा नंबर दिला. स्पर्धेत तिघीच होत्या. ताईने चार दिवस त्यांना चहा दिला नाही. हे स्वतः करून प्यायले आणि चौथ्या दिवशी म्हणाले, "माझाही चहा तिसऱ्या नंबरचाच आहे."

आमच्या चार चाळींच्या मधल्या मैदानात दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी आतषबाजीची स्पर्धा असते. प्रत्येक चाळीला दहा मिनिटं. पूर्वी निकाल टाळ्यांवर लागायचा, म्हणजे ज्या चाळीत माणसं जास्त तिचा पहिला नंबर. मग शिव्या, ढकलाढकली, एकदा तर बक्षिसाच्या कपाचा कान एका चाळीत आणि बाकीचा कप दुसऱ्या चाळीत गेला. शेवटी समितीने भावोजींना बसवलं. ते घरून पाण्याची बाटली घेऊन आले, कारण कुठल्याही चाळीचा चहा प्यायचा नाही. सोबत चार सुतळ्या. एका चाळीला एक सुतळी. रॉकेट आडवं गेलं की गाठ, भुईनळा फुसका निघाला की गाठ. शेवटी चारही सुतळ्या तारेवर टांगायच्या. ज्यांच्या गाठी कमी, त्यांचा कप. शंका असेल त्याने येऊन मोजावं. नाराज सगळेच व्हायचे, पण सुतळीशी भांडणार कसं? काही वर्षं शांततेत गेली.

मग मी मध्ये पडले. आमच्या चाळीचे पुरुष दरवर्षी हरायचे आणि वर आम्हाला सांगायचे की बायकांनी चकल्या तळाव्यात. एका वर्षी मी पाच जणी गोळा केल्या आणि समितीत नाव देऊन आले. जिंकायचंच असं ठरवलं होतं. आतषबाजीतलं मला काही कळत नव्हतं, पण भावोजींना मी ताईच्या लग्नापासून बघत होते. हा माणूस चांगलं मोजत नाही, वाईट मोजतो. म्हणजे जास्त उडवलं तर जास्त चुका. आम्ही नऊच नग आणले, गच्चीवर आठवडाभर ऊन दाखवलं, आणि त्या संध्याकाळी देवापुढे निरांजन लावावं तसे एकेक करून लावले. नऊच्या नऊ नीट पेटले. चार मिनिटांत आम्ही आटोपून बाजूला झालो. लोक विचारत होते, झालं एवढंच?

आमच्यानंतर समोरच्या चाळीचे मेस्त्री उतरले. सुतार माणूस, मालवणकडचे. महिनाभर खपून त्यांनी बांबूचं मोठं चक्र केलं होतं, आणि दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून उजेडाचा धबधबा सोडला. तो खाली पडायला लागला आणि सगळं मैदान गप्प झालं. बाजूच्या काचेच्या टॉवरमधली ऑफिसची माणसंसुद्धा खिडकीशी आली. पण चक्राच्या दोन नळ्या पेटल्याच नाहीत. दोन गाठी. आमच्या सुतळीवर एकही नाही.

सुतळ्या टांगल्या तसा मागून कोणीतरी आवाज दिला, "मेव्हणीला कप, आम्हाला गाठी." लोक हसले. इतक्या वर्षांत भावोजींना असं कोणी बोललं नव्हतं. त्यांनी आमची कोरी सुतळी हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं, आता हे निकाल फिरवणार. फिरवला असता तर मी तिथेच भांडले असते.

"नियम मी आधी सांगितला होता," ते म्हणाले. "तो आता बदलता येणार नाही. कप बायकांचा." मग मेस्त्रींकडे गेले आणि सगळ्यांसमोर हात जोडले. "तुमचा धबधबा मी बघितलाच नाही. मी नळ्या मोजत होतो. चूक माझ्या नियमाची आहे. पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघा."

कप मी घेतला. परत करण्यातली मी नाही. जिन्यात भावोजी भेटले तेव्हा म्हणाले, "शकू, तू नियम मोडला नाहीस. पण तुला ठाऊक होतं."

"होतं," मी म्हटलं.

त्यानंतर वर्षभर ते माझ्याकडे जेवायला आले नाहीत. पुढच्या पाडव्याला समितीने गाडीतून एक परीक्षक आणला. तो मोबाईल बघत बसला आणि ज्या चाळीने शाल-श्रीफळ दिलं तिला कप देऊन गेला. मैदानात पुन्हा शिव्या सुरू झाल्या. मला कप जिंकूनही वर्षभर जे टोचत होतं ते त्या दिवशी नीट कळलं. आमच्यात एकच सरळ माणूस होता आणि त्याला मी उठवलं होतं.

यंदा दिवाळीच्या महिनाभर आधी मी त्यांच्या घरी जाऊन बसले. म्हटलं, तुम्ही हो म्हणेपर्यंत उठणार नाही. दुपारी गेले होते, दिवेलागणीपर्यंत बसले. ताईने दोनदा चहा दिला. शेवटी ते म्हणाले की डोळ्यांत आता काही राहिलेलं नाही, उजेड कळतो, नीट दिसत नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्यांनी ताईशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, चूक झाली की मी सांगेन, तुम्ही गाठ मारा. ते म्हणाले, तू एका चाळीची आहेस, लोक कसे ऐकतील? म्हणून मी मेस्त्रींनाच बोलावून आणलं. मेस्त्रींनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मावशीच सांगांदेत. लबाडी कशी करतत ता तेंकाच म्हायत आसा." मला राग आला, पण माणूस खरं बोलला होता.

भावोजींनी नवा नियम केला. प्रत्येक चाळीला दोन सुतळ्या. एकीवर चुकांच्या गाठी, दुसरीवर मैदान गप्प होईल तेव्हाची गाठ. "ते मला ऐकू येतं," म्हणाले. "चुका तेवढ्या तू सांग. पाळी कोणाची ते सांगू नकोस."

पाडव्याला आम्ही दोघं गॅलरीत खुर्च्या टाकून बसलो. खाली तिसऱ्या पाळीला आमच्या बायका उतरल्या. या वेळी त्यांनी मन लावून केलं होतं, मोठं केलं होतं. मधला भुईनळा उंच उठला आणि अर्ध्यात विझला. दुसरे इतके फुलत होते की खाली कोणाच्या लक्षातही आलं नाही. भावोजी सुतळी दोन बोटांत धरून आकाशाकडे तोंड करून बसले होते.

"एक भुईनळा अर्ध्यात विझला, भावोजी," मी म्हटलं.

त्यांनी गाठ मारली. "सांगायला उशीर केलास," ते म्हणाले.

"केला."

त्यांनी गाठ ओढून घट्ट केली. मग आम्ही दोघं पुढची पाळी सुरू व्हायची वाट बघत राहिलो.