नंबर न लागणारी भिशी

भिशीचे पैसे आम्ही दर महिन्याला देऊन मोकळ्या व्हायचो. किस्से मात्र कुणी घेऊन जात नाही, ते आमच्याकडेच साठत गेले!

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये आम्ही अकरा मराठी बायका, कुणाचा नवरा रेल्वेत, कुणी स्वतः बँकेत. दरमहा प्रत्येकीने शंभर रुपये काढायचे आणि सगळी रक्कम एका गरजू बाईला द्यायची. वही जोशीकाकूंकडे. काकू रिटायर्ड शिक्षिका, आणि नियमही त्यांचाच: भिशीतल्या बाईला पैसे मिळणार नाहीत.

सुरुवातीला कोपऱ्यावरच्या फुलवालीला मोठी छत्री घेऊन दिली. त्यानंतर ती आमच्याकडून गजऱ्याचे पैसेच घेईना, आणि फुकट घेणं काकूंना चालेना. शेवटी चार महिने आम्ही अकराजणी स्टेशनपलीकडे जाऊन गजरे आणत होतो!

शिलाई मशीन मागायला आलेल्या एका बाईला बँकेतल्या वैदेहीने सवयीने तीन दुकानांची कोटेशन्स आणायला सांगितली. बाईने तिन्ही दुकानदारांना आपसात भिडवून भाव असा पाडला की मशीनसोबत कात्री आणि दोऱ्याची रिळंही आली. वैदेही म्हणाली, "हिला मदत कसली करताय? आमच्या बँकेत पाठवा."

रुक्मा आमच्यातली तंजावूरकडची. तिचा नवरा अंबत्तूरला ज्या कारखान्यात होता तो बंद पडला, पण तिने ना हप्ता चुकवला, ना कुणाला काही सांगितलं. टर्मची फी भरता येत नाही म्हणून तिची मुलगी कॉलेज सोडतेय, हे मला माझ्या मुलीकडून कळलं. मला फार वाईट वाटलं. मी काकूंना सांगितलं आणि नियमाचं काय, असं विचारलं. म्हणाल्या, बघू.

त्या शनिवारी काकूंनी वही उघडली. "रुक्माला भिशीतून काढायचं आहे. हात वर करा."

आधी ठरल्याप्रमाणे दहा हात वर गेले. रुक्माचा चेहरा खर्रकन उतरला.

"अय्यो काकू, माझं काय चुकलं?"

"बाहेरच्या बाईने मध्ये बोलू नये." काकूंनी वहीतून मानही वर काढली नाही. "पुढचा विषय. रुक्माच्या मुलीची फी."

पुन्हा दहा हात. रुक्मा रडली, आम्हीही रडलो. काकू तेवढ्या बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

पुढच्या महिन्यात भिशीच्या वेळेला बेल वाजली. दारात रुक्मा, हातात शंभराची नोट. आत ये म्हटलं तरी येईना.

"काकू," तिने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "तुम्ही नव्या बायका घेता काय?"