बाहेरून पाठिंबा

आमचे हे शिक्षक संघटनेचे तालुकाध्यक्ष आहेत. घरात मीही त्यांना अध्यक्षच म्हणते, कारण नुसतं 'अहो' म्हटलं तर त्यांना ऐकू जात नाही. दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. राहतो यवतमाळला. सकाळी त्यांची गाडी कळंबच्या रस्त्याला लागते, माझी बाभुळगावच्या.

आमच्या जिल्ह्यात शिक्षकांच्या संघटना इतक्या, की दोन गुरुजी चहाला बसले तरी तिसरी निघते. प्रत्येकीचं कॅलेंडर वेगळं, लेटरहेड वेगळं, व्हॉट्सॲपवरचा रुसवा वेगळा. फोटो मात्र सगळ्यांचा एकच. साहेबांना निवेदन देतानाचा. कागद एक आणि त्याला लागलेले हात दहा. ज्याचा हात कागदापर्यंत पोचत नाही तो पुढच्याच्या कोपराला धरतो. अध्यक्षांच्या मोबाइलमध्ये माझा फोटो शोधावा लागतो, निवेदनाचे फोटो बोट फिरवून संपत नाहीत.

खोटं कशाला बोलू, माणूस कामाचा आहे. कोणाचा पगार अडकला, कोणा बाईच्या बाळंतपणाच्या रजेची फाइल कुठे दबली, की अध्यक्ष डबा घेऊन त्या ऑफिसात जाऊन बसतात आणि फाइल हलेपर्यंत उठत नाहीत. फक्त ती भाषा ते घरीही आणतात. मी नवा मिक्सर मागितला तर म्हणतात, "मागणी रास्त आहे. सकारात्मक विचार सुरू आहे." सासूबाई होत्या तोवर त्या विचारायच्या, "हा तुह्याशी बोलून राह्यला का सायबाशी?"

तर या घरात एक फट आहे. अध्यक्ष आधी नोकरीला लागले, म्हणून त्यांना जुनी पेन्शन. म्हणजे निवृत्तीनंतर मरेपर्यंत दरमहा ठरलेली रक्कम. मी डी.एड. केलं ते लग्नानंतर, मुलगी अंगावर पीत असताना. माझी ऑर्डर निघाली तोवर सरकारने ती दारं लावून घेतली होती. पहिली काही वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढली, आणि मग कायम झाले तेव्हा कळलं की आपलं म्हातारपण बाजाराच्या भरवशावर आहे. शाळा तशाच, पोरं तशीच, खडू तोच. फक्त एकाला पेन्शन आणि एकीला नाही.

मध्यंतरी जुन्या पेन्शनसाठी बेमुदत संप झाला. मी पहिल्याच दिवशी मंडपात जायला निघाले. अध्यक्षांच्या संघटनेचं मात्र ठरत नव्हतं. पदाधिकारी सगळे जुने, सगळ्यांची पेन्शन शाबूत, आणि संपाच्या दिवसांचा पगार कापला जायची धास्ती. रात्री उशिरापर्यंत फोनवर खल करून त्यांनी ठराव केला की संपाला बाहेरून पाठिंबा द्यायचा.

"म्हणजे काय करणार?" मी सकाळी निघताना विचारलं.

"नैतिक बळ देऊ."

"ते कुठे जमा होते? पगाराच्या खात्यात का पतसंस्थेत?"

अध्यक्ष चिडले. "अवं, तू कायले एवढा जीव काढून राह्यली? माही पेन्शन म्हणजे तुहीच ना!"

वाक्य प्रेमाचं होतं, मला ठाऊक आहे. पण ते मला असं झोंबलं की उत्तरच सुचलं नाही. माझ्या बरोबरीचे सगळे शिक्षक संपावर, आणि मला माझ्याच घरात समजावून सांगावं लागत होतं की माझं ते माझं का असावं. मी पर्स उचलली आणि निघाले. डबा विसरले.

जिल्हा परिषदेसमोरचा मंडप भरून वाहत होता. माझ्या शाळेच्या गावची एक आजी दवाखान्यात आली होती, ती मला पाहून थांबली. "बाई, पगार त तुमचा बक्कळ हाय म्हणते लोकं. अजून काहून बसल्या?" मी म्हटलं, आजी, म्हातारपणासाठी. ती म्हणाली, "आमाले कोन देते वं?" तिलाही मिळायला हवी, एवढंच मला वाटतं, आणि ते मी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे, मी पहिलीच्या पोराकडे बघते तसं बघितलं.

दुपारी कोणीतरी माझ्या हातात माइक दिला. मी कधी भाषण केलेलं नाही. तेवढ्यात मला रस्त्यापलीकडे, चहाच्या टपरीशी, अध्यक्ष दिसले. हातात माझा डबा. मंडपात पाऊल टाकलं तर पाठिंबा आतून झाला असता, म्हणून बाहेरच उभे. मला हसूही आलं आणि रागही, आणि सकाळी न सुचलेलं उत्तर तिथे सुचलं.

"आमच्या घरात एक पेन्शन आहे," मी म्हटलं. "ती माझ्या मालकांची. ते म्हणतात, ती तुझीच. पण ती माझ्या नावावर यायची तर आधी त्यांना मरावं लागते. आणि मेल्यावरही ती पूर्ण येत नाही, अर्धीमुर्धीच येते. मला पेन्शन पाहिजे बाबांनो, पण मला नवराही पाहिजे."

मंडप हसून लोळला. हसू ओसरल्यावर मी म्हटलं, "जन्मभर मीही पोरं शिकवली. म्हातारपणी मला कोणाची विधवा म्हणून नाही, मास्तरीण म्हणून पैसे पाहिजेत." यावर कोणी हसलं नाही. बायकांच्या बाजूला तर एकदोघींनी पदर डोळ्यांना लावला.

अध्यक्ष रस्ता ओलांडून आले. पुरुषांकडे जागा नव्हती, म्हणून बायकांच्या सतरंजीवर अंग चोरून बसले आणि डबा माझ्यापुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी त्यांची संघटना मंडपात होती. कार्यकारिणीतल्या जुन्या मंडळींनी त्यांना पुष्कळ ऐकवलं. ते ऑफिसात बसतात तसे मंडपात बसून राहिले.

संप मिटला. आम्हाला आश्वासन मिळालं, आणि पुढे एक नवी योजनाही, जिचा अर्थ अध्यक्ष मला अजून समजावून सांगताहेत. ती मला पटलेली नाही, मी भांडते आहे.

एक मात्र बदललं. डॉक्टरांनी दिलेल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या अध्यक्ष कधी घेत नसत. मी मागे लागून थकले होते. हल्ली ते सकाळी स्वतः उठून गोळी घेतात आणि मैदानावर फिरायला जातात. एकदा मी विचारलं, हे कोणाच्या आदेशाने?

बूट घालताना, वर न बघता ते म्हणाले, "मी राह्यलो त पेन्शन पुरी येते, गेलो त अर्धी. तुही सुरू होईस्तोर मले जगाच लागते."