मॉड्यूलरवाली पोरगी

आता तुम्ही विचारलंच आहे तर सांगून टाकतो. बायकोकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. अकोल्याला जाऊन मी जी माती खाल्ली, तशी अमरावतीतून कोणी खाल्ली नसेल.

मी पाटबंधारे खात्यातला कारकून. जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जातल्या चुका काढल्या. आपलीही चूक होऊ शकते ही कल्पना मला निवृत्तीनंतरच सुचली.

आमचा अमोल तेहतीस वर्षांचा. पुण्यात नोकरी, स्वभाव गरीब आणि सहा स्थळांकडून नकार. सातवं स्थळ अकोल्याचं, मूळचे हिवरखेडचे. घरी केळी-संत्र्याची शेती. मध्यस्थ फोनवर म्हणाला, "पोरगी बंगलोरले राह्यते. मॉड्यूलरचं डिझाइन करते."

आता अमरावतीत मॉड्यूलर म्हणजे काय? किचन. आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. बायोडाटा दोन पानी इंग्रजीत आला होता. तो मी वाचला, पण सवयीप्रमाणे फक्त स्पेलिंगच्या चुका शोधायला. एकही सापडली नाही, म्हणून मुलगी चांगली.

योगायोगाने आमचा ओटा तोडून नवा करायचं चाललं होतं. निघताना मी स्वयंपाकघराची मापं कागदावर लिहून खिशात टाकली. घरचाच माणूस मिळतोय तर दुकानदाराचे पाय कशाला धरा?

"तिथं जास्त बोलू नका," बायको म्हणाली. "पोट्टं म्हणते, यावेळी नाही जमलं तर मी लग्नच करत नाही."

मे महिना, भर दुपार, आणि अकोला. कूलर इतका ओरडत होता की त्याच्यासमोर आम्ही सगळेच ओरडत होतो. मुलीचे वडील वसंतराव, धिप्पाड आणि हसतमुख. मुलगी गौरी. तिने आलुपोहे आणले, समोर बसली. मी विषय काढला.

"कशाचं डिझाइन करता आपण?"

"राहण्याच्या मॉड्यूलचं, काका. एकेक भाग इथं तयार करायचा, नेऊन तिथं जोडायचा. माणसं वाढली की आणखी एक जोडायचा."

"म्हणजे नवीन वस्तीसाठी. बायपासकडे?"

"त्याहून जरा लांब," ती हसली.

"चिमणी लावता?"

"नाही. बाहेर हवाच नाही ना."

"अकोल्यात तरी कुठे आहे?"

वसंतरावांनी मांडीवर थाप मारली. "वा जी भाऊ, मोठे गमत्या आहे तुमी."

मी गंभीरपणे विचारलं होतं.

"आणि पाण्याचं?"

"तीच खरी अडचण. वापरलेलंच पाणी शुद्ध करून पुन्हा प्यायचं. बाहेर लाल धूळ. नखशिखांत झाकल्याशिवाय दार उघडायची सोय नाही."

मी खिडकीतून पाहिलं. समोरून एक बाई स्कूटीवर गेली. तोंडाला दुपट्टा, डोळ्यांवर गॉगल, हातात मोजे. नळ किती दिवसांनी येतात ते वसंतरावांनी आल्याआल्याच सांगितलं होतं. तुम्हीच सांगा, शंका घ्यायला जागा कुठे होती?

अमोल खोकला. मी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

"पाहुणे आले तर जागा पुरते का?"

"पाहुणे येणार नाहीत, काका. पोचायलाच सात-आठ महिने लागतात."

मला मुलगी फारच आवडली.

"सगळा जीव सांध्यांत असतो," ती रंगात येऊन सांगत होती. "दोन भागांचा जोड जरा गळला तर आतली माणसं संपली."

"आमच्या सिंकखाली तीन वर्षांपासून गळून राहिलं. अजून सगळे हयात आहो."

आतल्या खोलीतून बायकांचं हसू ऐकू आलं. अमोल पुन्हा खोकला, बायकोने माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, दोघांनाही माझं कौतुक वाटतंय. मी कागद काढून गौरीपुढे ठेवला.

"दहा बाय आठ आहे. ओटा पूर्वेला. सिलिंडर कुठे बसवायचा तेवढं सांगा. आणि येता कधी जोडायला?"

तिने कागद लक्षपूर्वक वाचला. "काका, इथं 'लोणच्याच्या बरण्या, सहा' असं लिहिलंय."

"त्यांना वेगळा कप्पा लागेल."

आता ओरडत होता तो नुसता कूलर.

"बाबा," अमोल जमिनीकडे पाहत म्हणाला, "गौरी अंतराळयानाचं डिझाइन करतात. मंगळावर आणि त्याच्याही पुढे माणसं राहायला जातील, त्याचं. किचनचं नाही."

चूक उघडी पडली की उलट प्रश्न विचारायचा, हे मी नोकरीत शिकलो होतो. म्हणालो, "मग तिथं काय उपाशी राहतील?"

परत येताना बायको मूर्तिजापूरपर्यंत एक शब्द बोलली नाही. मूर्तिजापूरला एकच शब्द बोलली. "सातवं."

दोन दिवस अमोल माझ्याशी अतिशय नम्रपणे वागला. त्यापेक्षा भांडला असता तर परवडलं असतं.

तिसऱ्या दिवशी वसंतरावांचा फोन आला. "भाऊ, पोरगी हो म्हणते."

माझा कानांवर विश्वास बसेना. "काहून जी?"

"म्हणे, आजवर जे आले त्याईनं नुसत्या माना हलवल्या. यानात माणूस जेवीन काय, हे तुमी एकट्यानंच विचारलं."

मी ताबडतोब बायकोला हाक मारली, अमोललाही बोलावलं आणि फोन स्पीकरवर टाकला. "हं, वसंतराव, आता बोला. पुन्हा सांगा, काय म्हणाली?"

"आन जवाईबापूचं तर तिनं तिथंच पक्कं केलं. म्हणे, इतक्या लांब माणूस पाठवायचा असला की पाहतात, बंद जागेत कोन्त्याही माणसासंगं वर्षानुवर्षं डोकं शांत ठेवून राहू शकते का. यानं तर तुमच्यासंगं तेहतीस वर्षं काढली. आता आणखी काय परीक्षा घ्यायची?"

स्पीकर बंद करायचं बटण मला काही केल्या सापडेना.