पहिल्या टीवरचं आडनाव

फिलोमिना मिस घाबरत घाबरत गेल्या. शांतपणे वगैरे नाही.

कालपासून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे "शांतपणे गेल्या" लिहितायत. हॉस्पिटलात मी शेजारी बसले होते, म्हणून सांगतेय.

माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठी रुतली. डॉक्टर आत आले की त्या डोळे मिटून घ्यायच्या.

मी म्हटलं, "मिस, बघा ना त्यांच्याकडे. तुम्हीच शिकवलंय."

"गप गं. ते गोल्फसाठी होतं."

आम्ही दोघी हसलो. मग त्यांनी परत डोळे मिटले.

आज सकाळी मढला त्यांना माती दिली. आणि उद्या माझी मॅच आहे.

ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते.

मिस शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झाल्या आणि मग गोल्फ शिकवायला लागल्या. माझे बाबा ज्या क्लबवर गवत कापायचं मशीन चालवतात, तिथे सोमवारी मेंबर्स नसतात. त्या दिवशी स्टाफच्या मुलांना खेळू देतात. मिस मढहून होडीने वर्सोव्याला यायच्या, तिथून पुढे आमच्यापर्यंत. दर सोमवारी. आम्हा मानखुर्दच्या पाच-सहा पोरींसाठी.

मी तेव्हा कॉलेजला होते. घरात कॉलेज बघणारी मी पहिलीच. मला वाटायचं, हेही अभ्यासासारखंच असणार. मेहनत केली की जमलं.

सोमवारी जमायचंही. झकास जमायचं.

मग मागच्या वर्षी एका छोट्या स्पर्धेत नाव दिलं.

जिथून पहिला शॉट मारतात त्या जागेला टी म्हणतात. तिथे स्टार्टर माईकवर तुमचं नाव पुकारतो. आजूबाजूला लोक उभे असतात. मध्ये तुम्ही एकट्या.

मी फॉर्मवर नुसतं "सुजाता" लिहिलं होतं. बाबाच म्हणाले होते, "तेवढंच लिही. कशाला उगाच?"

स्टार्टर म्हणाला, "मिस सुजाता... सरनेम?"

"कांबळे."

मागून एक बाई हळूच बोलल्या, "ते मशीनवाले कांबळे?"

तसं वाईट काहीच नव्हतं त्यात. बाबा मशीनवालेच आहेत. पण आमचं आडनाव ऐकल्यावर काही लोकांच्या चेहऱ्यावर एक सेकंद काहीतरी होतं. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना कळेल. बाकीच्यांना समजावून सांगता येत नाही.

माझी काठी बॉलच्या डोक्याला लागली. बॉल घरंगळला आणि टीच्या उतारावरच थांबला.

कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

पुढे चालताना मी बरोबर आलेल्या मिसना सांगायला लागले, ग्रिप चुकली, शोल्डर लवकर फिरला...

"शोल्डर राहू दे. मारायच्या आधी काय ऐकलंस?"

"काही नाही."

"सुजाता."

"...सरनेम."

मिस थांबल्या.

"हे बघ, मला नाही कळणार हे सगळं. खोटं कशाला बोलू? पण बॉल का टॉप होतो, काठी त्याच्या डोक्यालाच का लागते, ते आता कळलं. तू मारता मारता मान वर करतेस. कोण कसं बघतंय ते बघायला."

मला रडूच आलं. कारण ते खरं होतं, आणि फक्त गोल्फपुरतं खरं नव्हतं. इंटरव्ह्यूमध्ये, ऑफिसात, मैत्रिणीच्या घरी जेवताना, मी सगळीकडे तेच करते. नाव सांगते आणि चटकन समोरचा चेहरा बदलला का ते बघते. आणि तेवढ्यात हातातलं काम बिघडतं.

"मग काय करू मिस? बघायचंच नाही?"

"बघायचंय ना? मग आधी बघ. एकेकाच्या तोंडाकडे, नीट. घाई करू नकोस. ते थांबतील. सगळं बघून झालं की मग बॉल."

पुढच्या सोमवारपासून मिस स्टार्टर झाल्या. छत्रीचा माईक करून ओरडायच्या, "सुजाता अशोक कांबळे, मानखुर्द!" बाकीच्या पोरी समोर उभ्या राहून मुद्दाम तोंडं वाकडी करायच्या. मी एकेकीकडे बघायचे. हसू यायचं. मग बॉल मारायचे. सरळ जायचा.

पण त्या आपल्या पोरी होत्या.

उद्याचे लोक तसे नाहीत. उद्या ओपन आहे, सगळ्यांसाठी खुली स्पर्धा, बाबांच्याच क्लबवर. ज्या मेंबर्सना बाबा रोज सलाम करतात, तेच समोर असतील. आणि मिस नसतील.

खरं सांगू? मिसना तसं डोळे मिटलेलं बघितलं नसतं तर बरं झालं असतं. मला वाटायचं त्यांना भीती वाटतच नाही. आता माहीत आहे की त्यांनाही शेवटी बघवलं नाही. मग मला कसं जमेल?

मढहून घरी आले आणि स्पर्धेच्या ऑफिसला फोन केला. याही वेळी नुसतं सुजाताच लिहिलं होतं. म्हटलं, उद्या पूर्ण नाव पुकारा. तिकडचा माणूस म्हणाला, "ओके मॅडम." त्याला काय!

फोन ठेवून वळले. बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, ओरडणार.

"उद्या माझी ड्युटी मागच्या बाजूला लावलीये," ते म्हणाले.

"बरं."

"बदलून घेतो. पहिल्या टीजवळ."

"नको ना बाबा. मला अजून भीती वाटेल."

"मला पण वाटेल," बाबा म्हणाले. "मशीन बंद करून उभा राहीन."

मग ते डबा घासायला गेले. मी हे लिहायला बसले.

मिस, तुम्हाला शेवटचा नमस्कार. भीती आहेच, पण उद्या आधी एकेकाच्या तोंडाकडे बघेन, मग बॉल.

येते मी.